गुडघा बदलायचाय? आधीचे सहा आठवडे वाया घालवू नका

अल् खुवैरमधून तुमच्याशी बोलतेय. आजचा विषय सांध्याच्या शस्त्रक्रियेचा आहे, पण शस्त्रक्रियेच्या दिवसाचा नाही, तिच्या आधीच्या पाच-सहा आठवड्यांचा. त्या आठवड्यांत घरी बसून आपण काय करू शकतो, आणि जे केलं नाही तर काय होतं, ते सांगायचं आहे.

आधी घरचीच गोष्ट सांगते. आमच्या सासूबाई इचलकरंजीच्या. दोन्ही गुडघे झिजलेले. जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी, आणि देवळात गेल्या तरी बाहेरच्या बाकावर बसून नमस्कार. शेवटी उजवा गुडघा बदलायचं ठरलं. तारीख कुठली घ्यायची? इथल्या मुलांच्या शाळांना जून ते ऑगस्ट सुट्टी, म्हणून आपण सगळे जसं करतो तसंच आम्ही केलं. जुलैतली तारीख घेतली. ह्यांनी पंधरा दिवसांची रजा काढली, तिकिटं काढली, पुण्याला जाऊन दाखल झालो. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नर्सनं पाय धुताना बोटांच्या बेचक्या पाहिल्या. चिखल्या झाल्या होत्या. दोन बोटांमध्ये कातडी फाटून लाल झालेली, थोडी ओल. सर्जननी पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आज नको."

आम्हाला राग आला, खरं सांगते. एवढ्याशा चिखलीसाठी? पण चूक त्यांची नव्हती, आमची होती. महिनाभर घरातल्या प्रत्येकानं त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. पायाच्या बोटांकडे कुणीच पाहिलं नाही. जखम भरेपर्यंत रजा संपली आणि हे मस्कतला परत आले. शस्त्रक्रिया सहा महिने पुढे गेली.

आता, "आज नको" का, ते समजून घेऊ. ते समजलं की बाकीची सगळी तयारी आपोआप समजते.

आपण बोलताना म्हणतो, "वाटी बदलली." खरं तर गुडघ्याची वाटी बदलत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, या दोन्हींचा झिजलेला पृष्ठभाग पातळसा कापून काढतात आणि त्यावर धातूचं टोपण बसवतात. दोन धातूंच्या मध्ये चिवट प्लॅस्टिकची गादी असते. वाटीच्या आतल्या बाजूला कधी प्लॅस्टिकची चकती लावतात, कधी लावत नाहीत. खुब्याच्या सांध्यात चेंडू आणि खोबण दोन्ही बदलतात. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली या सर्जननी १९६२ मध्ये धातूचा चेंडू आणि प्लॅस्टिकची खोबण अशी जोडी बसवायला सुरुवात केली. आजच्या शस्त्रक्रिया मुळात त्याच विचारावर उभ्या आहेत.

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया घराघरांत माहीत झाली ती ऑक्टोबर २००० मध्ये. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला, आणि जून २००१ मध्ये उजवा. त्यासाठी न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. दोन गुडघ्यांत आठ महिन्यांचं अंतर. एकदम दोन्ही करायचे की एकेक, हे वय, हृदय आणि एकूण प्रकृती पाहून सर्जन ठरवतात. शेजारच्यांनी एकदम दोन्ही केले म्हणून आपणही करावेत, असं नसतं.

तर, धातू. आपल्या हाडामासात रक्त फिरतं, त्यामुळे तिथे जंतू शिरला तर पांढऱ्या पेशी आणि औषधं पोचतात. धातूमध्ये रक्त फिरत नाही. जंतू एकदा त्याच्यावर बसले की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, नळाच्या तोटीला आतून बसतो तसा. त्या थरातून प्रतिजैविकं आत जात नाहीत. मग कधी सांधा पुन्हा उघडून धुवावा लागतो, कधी सगळा काढून नवा बसवावा लागतो. असं थोड्यांच्याच बाबतीत होतं, पण ज्यांच्या बाबतीत होतं त्यांचं वर्ष जातं. म्हणून सर्जन चिखलीलाही घाबरतात.

आता आठवड्यांच्या हिशेबानं तयारी पाहू.

पहिली गोष्ट, सहा आठवडे आधी: तपासण्या.

रक्त तपासा. हिमोग्लोबिन किती आहे ते बघा. बायकांमध्ये १२ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. शस्त्रक्रियेत रक्त जातं. आधीच कमी असलं तर बाहेरून रक्त द्यावं लागण्याची शक्यता वाढते आणि नंतरचा थकवा लांबतो. आपल्या आईच्या वयाच्या बायका आठवड्यातून दोन उपास करतात, त्यात साबुदाणा आणि चहा. लोह कुठून येणार? सहा आठवडे हातात असतील तर लोहाच्या गोळ्यांनी फरक पडतो. सहा दिवस असतील तर पडत नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह शोषलं जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या.

साखर. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करतात. बरेच सर्जन ती साडेसात ते आठच्या आत असावी असा आग्रह धरतात. साखर जास्त असली की पांढऱ्या पेशी सुस्त होतात आणि जखम भरायला वेळ लागतो. ही सरासरी आठवड्यात खाली येत नाही, म्हणून आधी तपासायची.

दात. किडलेला दात, हलणारा दात, पू येणारी हिरडी, याचं काम शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी उरका. तोंडातले जंतू रक्तात उतरतात आणि रक्तातून सांध्यापर्यंत जाऊ शकतात. आपल्याकडे दात दुखला तर लवंग धरून दिवस काढायची सवय. या वेळी नको. लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, हेही संकोच न करता सांगा.

आणि एक महत्त्वाचं. दुखतंय म्हणून गुडघ्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख सर्जनला सांगा. इंजेक्शननंतर साधारण तीन महिने तो सांधा बदलत नाहीत, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. इथे मस्कतला इंजेक्शन घ्यायचं आणि पुढच्या महिन्यात पुण्याला शस्त्रक्रियेला जायचं, असं जमत नाही.

दुसरी गोष्ट: तंबाखू.

सिगारेट, विडी, शिशा, मशेरी, तपकीर, सगळं. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला रक्त कमी पोचतं. किमान चार आठवडे आधी बंद करायचं. मशेरी लावणाऱ्या आजीबाई म्हणतात, "मी काही तंबाखू खात नाही." खात नसतील, पण हिरडीतून निकोटीन रक्तात जातंच. रागावू नका, समजावून सांगा, आणि डॉक्टरांनाही सांगा.

तिसरी गोष्ट: औषधांची पिशवी.

घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत भरा आणि ती पिशवीच डॉक्टरांकडे न्या. यादी करू नका, कारण यादी करताना आपण ठरवतो काय औषध आहे आणि काय नाही. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाच्या काही गोळ्या, संधिवाताची औषधं, दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या, यांतलं काही थांबवावं लागतं, काही चालू ठेवावं लागतं. कुठलं किती दिवस आधी, ते औषधाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलतं. हृदयात स्टेंट असेल तर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं. आणि सर्जनना न सांगता चालू ठेवली तर रक्तस्राव. म्हणून दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या.

पिशवीत लसणाच्या, हळदीच्या कॅप्सूलही टाका. त्यांतल्या काहींनी रक्त गोठायला वेळ लागतो. फोडणीतल्या लसणाची गोष्ट नाही ही, कॅप्सूलची आहे. आणि कुणीतरी गावाहून आणून दिलेली 'गुडघ्याची पुडी' असेल तर तीही. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे. माणसाला वाटतं, काय गुण आला! पण महिनोन्‌महिने स्टेरॉईड पोटात गेलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते कळायलाच हवं, कारण शरीराची ताण सोसायची स्वतःची व्यवस्था मंदावलेली असते.

चौथी गोष्ट: व्यायाम.

लोक म्हणतात, "गुडघा बदलायचाच आहे, आता कशाला चालवायचा?" पण बदलतात ते हाडाचे पृष्ठभाग. स्नायू जुनेच राहतात. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात झपाट्यानं उतरते. गाठीला थोडं जास्त असेल तर उतरल्यावरही उठून उभं राहता येतं. वर्षभरानंतर पाहिलं तर आधी व्यायाम केलेला आणि न केलेला यांत फार फरक उरत नाही. पहिल्या काही आठवड्यांत मात्र कळतो, आणि सगळ्यात अवघड काळ तोच असतो.

पाच व्यायाम सांगते. पलंगावर करता येतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबा, पाच मोजा, सोडा. दुसरा, एक पाय दुमडून दुसरा सरळ पाय वीतभर उचला, पाच मोजा, हळू खाली. तिसरा, टाच पलंगावरून घासत जवळ आणा, परत सरळ. चौथा, पावलं वर-खाली हलवा. हा शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच दिवसापासून लागणार आहे, म्हणजे पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये. पाचवा हातांसाठी: हात असलेल्या खुर्चीत बसा, दोन्ही हातांवर जोर देऊन थोडं उठा, परत बसा. वॉकरवर भार हातांनी पेलायचा असतो. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून दोनदा. थोडं दुखेल. पण रात्रभर ठणकत राहिलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा आणि फिजिओथेरपिस्टना विचारा.

वॉकर आधीच आणा आणि घरात त्यावर चालून पाहा. भूल उतरल्यावर, सलाईन लावलेलं असताना नवीन वस्तू शिकायची म्हणजे घाबरायला होतं.

पाचवी गोष्ट: घर.

इथल्या आपल्या फ्लॅटमध्ये फरशी गुळगुळीत, त्यावर गालिचे. गालिचे गुंडाळून ठेवा, वॉकरचा पाय त्यातच अडकतो. मोबाईलच्या चार्जरच्या वायरी भिंतीकडे घ्या. न्हाणीघरात रबरी चटई घाला, कमोडशेजारी धरायला दांडी बसवून घ्या. गावच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर खुर्चीचा कमोड आधीच आणून ठेवा. खुर्ची उंच, घट्ट आणि हातांची हवी; सोफ्यात रुतून बसलं की उठता येत नाही. रोजची भांडी कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. रात्रीचा छोटा दिवा, मागे पट्टा असलेली चप्पल.

आणि मनाचीही तयारी हवी. पाटावर बसून जेवणं, मांडी घालून पूजा करणं, उकिडवं बसून भाजी निवडणं यापुढे टाळायचं आहे, हे आईंना आधी सांगा. आमच्या सासूबाईंना शस्त्रक्रियेपेक्षा देवघराची काळजी जास्त होती. आम्ही देव उंच कपाटावर नेऊन ठेवले, खुर्चीत बसून हात पोचेल असे. त्यांनी दोन दिवस तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी उदबत्ती लावली.

सहावी गोष्ट: कुठे करायची, आणि रजा.

ओमानमध्ये अस्थिरोगांसाठी मस्कतचं खौला हे मोठं सरकारी रुग्णालय आहे, पण आपल्यासारखे बाहेरचे लोक बहुतेक खाजगीत जातात. विमा असेल तर ठरवण्याआधी लेखी मंजुरी घ्या, "आधीपासूनचा आजार" या कलमाकडे नीट बघा. भेटीच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांचा खर्च बहुधा आपल्यालाच करावा लागतो. भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली होती, नंतर त्यात बदल होत गेले. पण ही किंमत फक्त सांध्याची. खोली, भूल, सर्जन, फिजिओथेरपी वेगळं. म्हणून अंदाजपत्रक कलमवार मागा.

विमानाचा विचार तारखेआधी करा. मुंबई-मस्कत तीन तासांच्या आतलं उड्डाण, पण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पायात गुठळी व्हायचा धोका असतो. पहिले सहा आठवडे विमानप्रवास शक्यतो टाळा, असं बरेच सर्जन सांगतात. लांबच्या उड्डाणाला तीन महिनेही थांबायला सांगतात. म्हणजे शस्त्रक्रिया करून पंधराव्या दिवशी आईंना घेऊन अल् खुवैरला परत, हा हिशेब चुकीचा. तुमची रजा पंधरा दिवसांची असेल तर सोळाव्या दिवसापासून त्यांच्याजवळ कोण, याचं नाव आधी ठरवा. "बघू, कुणीतरी येईल" असं नको. नाव आणि तारखा.

शेवटची गोष्ट: शेवटचे दोन दिवस.

पाय रोज तपासा. बेचक्या, नखं, टाचांच्या भेगा. शस्त्रक्रियेच्या जागेवरचे केस स्वतः काढू नका, वस्तऱ्यानं बारीक जखमा होतात आणि त्यांतूनच जंतू शिरतात. नेलपॉलिश पुसा, कारण बोटावरून प्राणवायू मोजतात. बांगड्या, अंगठ्या, जोडवी घरीच उतरवा. वर्षानुवर्षांची जोडवी निघता निघत नाहीत, साबण लावून हळूहळू काढावी लागतात. आणि आईंच्या डोळ्यांत पाणी येतं. ते घरी, आपल्या माणसांत येऊ दे, दवाखान्यातल्या घाईत नको.

उपाशी राहणं म्हणजे काय तेही ऐका. साधारणपणे सहा तास आधीपासून खाणं बंद, आणि दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. पण तुमच्या रुग्णालयानं दिलेली वेळच पाळा. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात धरतात. "एक घोटच घेतला" यावरून शस्त्रक्रिया पुढे जाते. ताप, खोकला, नवा फोड, कापलेलं बोट, काहीही झालं तरी लपवू नका. रजा वाया जाईल या भीतीनं लपवलं तर रजेपेक्षा मोठं काहीतरी वाया जाईल.

आता आमच्या गोष्टीचा शेवट. दुसऱ्या वेळी आम्ही सुट्टी बघितली नाही, ऋतू बघितला. सासूबाई दिवाळीनंतर इथे आल्या. हवा छान, पाय कोरडे. सकाळी मशिदीच्या मागच्या फुटपाथवर चालायच्या, संध्याकाळी इमारतीच्या लांब पडवीत वॉकर घेऊन. दाताचं काम इथेच झालं. रात्री नातू त्यांच्या पायाच्या बेचक्या कापसानं पुसायचा आणि टॉर्चनं बघून सांगायचा, "आज्जी, पास." फेब्रुवारीत पुण्याला गेलो आणि त्या वेळी कुणी "आज नको" म्हटलं नाही. ह्यांच्या रजेनंतरचा महिना माझी नणंद राहिली. नाव आणि तारखा आधी ठरल्या होत्या.

डावा गुडघा अजून बाकी आहे. त्याची तारीख त्यांनीच सांगितली: "पावसाळा सोडून कधीही."

मंडळी, आजचं बोलणं ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमच्या माणसाचा शेवटचा शब्द त्याच्या डॉक्टरांचा. पण तुमच्या घरी कुणाचा गुडघा किंवा खुबा बदलायचा असेल तर आज रात्री एक काम करा. गुडघ्याकडे नका बघू. आधी पायाची बोटं बघा, मग गोळ्यांची पिशवी भरा. काळजी घ्या. नमस्कार.